उशाशी निळा उजेड

दादा म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस, असं सगळेच म्हणायचे. त्या दुपारी त्याचा धाकटा भाऊ दुकानातून जेवायला घरी आला, तर खोलीच्या दारातूनच त्याला दिसलं, की एक माशी दादाच्या खालच्या ओठावर बसली आहे आणि दादाला तिचं काही करता येत नाही. ती आधी ओठाच्या लुळ्या कोपऱ्यापाशी होती. तिथं सकाळच्या दुधाचा पांढरा डाग वाळला होता. त्यावर तिनं तोंड टेकलं, पुढचे पाय एकमेकांवर घासले, मग सावकाश चालत ओठाच्या मधोमध आली आणि थांबली. पॅरालिसिसच्या झटक्यात दादाचं बोलणं गेलं होतं, उजवं अंग गेलं होतं. डावा हात तेवढा छातीपर्यंत यायचा आणि तिथं थकून पडायचा. आताही तो हात चादरीवरून थोडा उचलला गेला, थरथरला, पडला. दादानं फुंकर मारायचा प्रयत्न केला. नुसती हवा गेली, ओठ हलला नाही. आणि मग दादाचे डोळे दाराकडे वळले. तो एक चप्पल काढून आणि एक तशीच पायात ठेवून उभा होता. आता जवळ जाऊन माशी हाकलावी, असं त्याला वाटलं. हे वाटणं अगदी स्पष्ट होतं, पण पाय काही उचलला नाही. त्या डोळ्यांत राग असता तर तो सवयीनंच धावला असता. पन्नाशी उलटली तरी दादाच्या रागाचा हुकूम त्याचे पाय आपोआप मानत. पण डोळ्यांत राग नव्हता. विनवणी होती. ती ओळखायला त्याला जरा वेळ लागला, कारण त्या डोळ्यांत ती त्यानं जन्मात पाहिली नव्हती. आणि ओळखल्यावरही तो तसाच उभा राहिला.

दिवसभर दादाजवळ बसायला ठेवलेली मावशी स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आली, तिनं खांद्यावरच्या टॉवेलनं माशी हाकलली आणि त्याच्याकडे पाहिलं. "अहो भाऊ, उभे काय राहिलात असे?"

"आत्ताच येतोय," तो म्हणाला.

ताटावर बसल्यावर त्यानं अर्धी पोळी तशीच ठेवली. मावशीनं विचारलं, मीठ कमी पडलं का. नाही म्हणाला. बेसिनपाशी हात धुताना त्याला आपली बोटं दिसली, धडधाकट, दहाच्या दहा. इतक्या बारीक गोष्टीला काय महत्त्व द्यायचं? माशी ती माशी. बसते आणि उडते. पण परत दुकानाकडे चालताना, उन्हानं तापलेल्या भिंतींच्या कडेकडेनं, त्याला पुन्हापुन्हा जाणवत राहिलं ते हे, की उभं राहताना आपल्याला बरं वाटलं होतं. फार नाही. दाढेत अडकलेलं काहीतरी जिभेनं सुटावं, तेवढं.

दुकान विजेच्या सामानाचं होतं. पंखे, इस्त्र्या, वायरींची भेंडोळी, आणि गेली काही वर्षं माश्या मारायची यंत्रं. ती यंत्रं दाखवणं त्याच्याकडे होतं, कारण मालकाच्या मते गिऱ्हाइकाला पटवायला त्याचा चेहरा चांगला होता. "तुमच्याकडे बघून कुणाला वाटायचं नाही, की हा मारायच्या वस्तू विकतो," मालक म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. त्या दुपारी गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, तेव्हाही मालकानं तोच जुना विनोद केला. "काय हो, यंत्रं एवढी असताना तुम्ही हातानं माश्या मारत बसलात होय?" तो हसला. मग एक नवराबायको आले. बाईच्या कुशीत तान्हं मूल होतं, मान अजून न धरलेलं. त्यानं यंत्र काउंटरवर ठेवलं, बटण दाबलं. जाळीमागच्या दोन नळ्या निळसर जांभळ्या उजळल्या. तो नेहमीसारखं सांगू लागला, की आपल्याला दिसतो तो नुसता निळा रंग; त्याच्याबरोबर आणखी एक प्रकाश असतो, तो आपल्याला दिसत नाही, माशीला दिसतो. त्याच्या ओढीनं ती येते. समोर ही तारांची जाळी, एकीआड एक तार. दोन तारांमध्ये माशीचं अंग आलं, की वीज तिच्या अंगातून जाते. त्यानं लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक जाळीला टेकवलं. चट् झालं, बारीक ठिणगी उडाली, बाळ दचकलं आणि बाई हसली. "खाली हा ट्रे. आठवड्यानं काढून झटकायचा. आणि वर्षानं नळ्या बदलायच्या, पेटत असल्या तरी बदलायच्या. उजेड राहतो, ओढ जाते."

"पाळण्याच्या वर टांगलं तर चालेल ना?" बाईनं विचारलं.

"नको, ताई. अजिबात नको." हे सांगताना त्याचा आवाज दरवेळी मनापासून निघायचा. "एक लक्षात ठेवा. हे यंत्र मारतं नंतर, आधी बोलावतं. जिथं लावाल तिथं माश्या गोळा होणार. शिवाय माशी फुटते, तिचे तुकडे खाली पडतात. ज्याला जपायचं त्याच्यापासून लांब लावा. खिडकीसमोरही नको, उन्हापुढे याचं काही चालत नाही. आणि डासांचं म्हणाल तर फारशी आशा ठेवू नका, डास माणसाच्या श्वासावर येतात." शेवटच्या वाक्याला मालकानं भुवई चढवली. पण नवराबायकोनं यंत्र घेतलं, आणि जाताना नवरा म्हणाला, "खरं सांगणारा माणूस भेटला." ते शब्द त्याला संध्याकाळपर्यंत टोचत राहिले.

खरं सांगायचं तर दादानं त्याला वाढवलं होतं. वडील लवकर गेले, आई अंथरुणाला खिळली, आणि दादा एकदम घराचा खांब झाला. खांबाला वाकता येत नाही. शाळेच्या वाटेवर एका पोरानं त्याला गटारात ढकललं होतं, तेव्हा दादानं त्या पोराला त्याच्या घरात शिरून बडवलं आणि मग घरी आणून ह्याला बडवलं, ढकलून घेतलंस म्हणून. दोन्ही वेळा तेवढ्याच जोरानं. त्याला त्या वयात दोन्हीत फरक वाटला नव्हता. दादा मारतो म्हणजे दादा आहे. पुढे शिक्षण सोडवलं ते दादानं, दुकानात चिकटवलं ते दादानं. ह्याच्या शर्टाचा रंगसुद्धा दादा ठरवायचा. वहिनी होती तोवर ती मध्ये पडायची, भावजीही माणूस आहेत म्हणायची. ती गेली, मागं शाळकरी मुलगी राहिली, आणि घरात बाई नाही म्हणून त्यानं पोळ्या लाटायला शिकून घेतलं. त्याच सुमारास त्याचं जमत आलं होतं. शिलाईच्या दुकानात बसणारी एक मुलगी, तोंडात टाचण्या धरून बोलायची आणि तरी शब्द स्पष्ट उमटायचे. ती हो म्हणाली होती, तिच्या घरचे हो म्हणाले होते. मग एकाएकी नाही म्हणाले. कुठं माशी शिंकली ते कळलं नाही. फार वर्षांनी तिच्याच भावानं रस्त्यात थांबवून सांगितलं, "तुमचे दादा येऊन गेले होते. म्हणाले, त्याला फिट येतात, पोरीचं वाटोळं होईल." त्याला आयुष्यात कधी फिट आली नव्हती. घरी येऊन त्यानं दादाला काही विचारलं नाही. दादा ताटावर बसला होता. "पोळी करपलीय," दादा म्हणाला, आणि त्यानं दुसरी वाढली.

माशी ओठावर बसल्याला थोडे दिवस झाले असतील. मावशीच म्हणाली, "भाऊ, तुमच्या दुकानातलं ते यंत्र आणा की. माश्यांनी जीव नकोसा केलाय." त्यानं आणलं. खोलीत भिंतीवर दोन ठिकाणी प्लग होते. एक दाराशी, जिथून माश्या येत आणि जिथं सावली होती. दुसरा पलंगाच्या उशाशी. हातात हातोडी आणि खिळा घेऊन तो खोलीच्या मध्यावर उभा राहिला. दादा बघत होता. मावशी म्हणाली, "दाराशी बरं पडेल."

"वायर पुरायची नाही," तो म्हणाला.

वायर पुरली असती. त्यानं खिळा उशाकडच्या भिंतीत ठोकला. ठोकताना त्याच्या मनात काही नव्हतं. पुढे तो हे स्वतःला पुष्कळदा सांगायचा, की मनात काही नव्हतं, हात आपला खिळा ठोकत होता. तरी प्रत्येक घावाबरोबर दादाची पापणी मिटत होती, हे त्यानं पाहिलं होतं. म्हणजे तो बघत होता.

खोली निळी झाली. संध्याकाळी दिवा लावला तरी तो निळा रंग कोपऱ्यात, चादरीच्या सुरकुत्यांत, दादाच्या गालाच्या खळग्यात तसाच राहायचा. चट्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा चट्, आणि कधी मोठी माशी अडकली तर तळल्यासारखा लांब आवाज. दादा आवाजाला दचकायचा आणि मग पुढच्या आवाजाची वाट बघत डोळे उघडे ठेवायचा. उशीवर सकाळी एखादा पाय, पंखाचा तुकडा सापडायचा. तो चिमटीनं उचलायचा. ट्रे भरायचा, पण त्यात माश्या कमी आणि कुणाला कधी न चावलेली चिलटं, पाकोळ्या, हिरवे किडे जास्त. आणि खोलीतल्या माश्या कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. दिवसा तर खिडकीच्या उन्हापुढे यंत्र आंधळंच होतं. माश्या पलंगावर यायच्या, चादरीवरून चालायच्या, पायथ्याशी नाही, कमरेपाशी घोटाळायच्या. का, ते त्याला ठाऊक होतं. माशीला उजेडापेक्षा वासाची ओढ जास्त. खोलीत शिरलं की तो वास त्यालाही यायचा, आधी गोडसर, साचलेल्या फुलदाणीच्या पाण्यासारखा, आणि मग तसा गोडही नाही.

डॉक्टरनं पहिल्या दिवशीच बजावलं होतं, की कूस बदलत राहा, पाठ कोरडी ठेवा, रोज बघा. सुरुवातीला सकाळी तो आणि मावशी मिळून दादाला वळवायचे. दादाचा देह अवजड होता, मावशीची कंबर धरलेली. मग तो सकाळी लवकर दुकानात जाऊ लागला. मालकानं बोलावलंय म्हणायचा. मावशी एकटी पुढून पुसायची, जमेल तेवढा हात मागं घालायची, फरशीला दोनदा फिनेल लावायची. "एकटीला पेलत नाहीत हो ते. संध्याकाळी तुम्ही वळवता ना?" तिनं एकदा विचारलं.

"वळवतो की," तो म्हणाला. तिनं मान हलवली. तिनं पुढं विचारलं नाही, त्यानं पुढं सांगितलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणारी दोन माणसं. संध्याकाळी मावशी गेली, की तो पलंगाजवळ खुर्ची ओढून बसायचा, वर्तमानपत्र उघडायचा, आणि ह्या पानानंतर वळवू, म्हणायचा. हात लावायला तिटकारा होता का? नव्हता. दादाची घाण काढायचं काम त्यानं चोख केलं होतं. शेजारीपाजारी म्हणत, असा भाऊ शोधून सापडायचा नाही. फक्त पाठ. पाठ त्याला बघायची नव्हती, कारण बघितली असती तर काहीतरी करावं लागलं असतं. आणि न बघता बसून राहण्यात एक सत्ता होती, लहानशी, कुणाला न दिसणारी. दादानं त्याचं सगळं ठरवलं होतं. आता दादा कोणत्या कुशीवर पडणार, हे तो ठरवत होता, किंवा ठरवायचं टाळत होता. दादा घशातून आवाज काढायचा, लांब, एका सुराचा. तो पान उलटायचा. कधीकधी त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं, वाचता वाचता, आणि ते कुणासाठी आहे हे त्याला कळायचं नाही.

दादाच्या मुलीचा, दुसऱ्या गावी नोकरीला असलेल्या पुतणीचा, फोन यायचा. "काका, बाबा कसे आहेत?"

"आहेत तसेच."

"तुम्ही आहात म्हणून मी इकडे शांत झोपते हो. जरा कानाला लावा ना त्यांच्या." तो फोन दादाच्या कानाशी धरायचा. पलीकडून ती काहीबाही सांगायची, ऑफिसचं, पोराच्या शाळेचं. दादा तो घशातला आवाज काढायचा, आणि एका खेपेला तो इतका मोठा निघाला की तिनं घाईनं विचारलं, "काय झालं? हसले का बाबा?"

"हसला," तो म्हणाला.

ती न कळवता आली. सुट्टीचा दिवस होता, मावशी नव्हती, तो दाढी करत होता. दारात बॅग ठेवून ती "बाबा" म्हणत थेट खोलीत गेली, आणि तिथं तिचा आवाज थांबला. तो गालावर साबण तसाच ठेवून मागं गेला. ती पलंगाजवळ उभी होती. तिनं आधी खिडकी उघडली. मग यंत्राकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं. "काका, वास कसला येतोय?"

"आजारी माणसाची खोली आहे, बाळा."

"नाही," ती म्हणाली. "मी धरते खांद्याला. तुम्ही कमरेला धरा." त्यानं हात पुसले. त्याला म्हणायचं होतं, थांब, चहा तरी घे, मग बघू. म्हणाला नाही. दोघांनी दादाला डाव्या कुशीवर केलं. चादर अंगाबरोबर चिकटून आली आणि मग सुटली. माकडहाडावर तळहात मावेल एवढी जागा काळी पडली होती, मध्ये खोल, आणि त्या खोलात पांढरं काहीतरी हलत होतं. ती ओरडली नाही. तिनं ओठ घट्ट मिटले, आणि तिच्या नाकाजवळ दादाची तीच जुनी रेघ उमटली, रागाच्या आधी उमटायची ती. पण ती त्याच्यावर रागावली नाही. "तुम्हाला एकट्याला झेपत नव्हतं," ती म्हणाली, "मला सांगायचं तरी होतं, काका." मग ती फोनवर गाडी बोलवू लागली. तिचा आवाज पत्ता सांगताना फुटला.

दादा त्यातून उठला नाही. महिना भरायच्या आत गेला. पण ते पुढचं. त्या दिवशी हॉस्पिटलच्या वॉर्डाबाहेर, भिंतीला बोल्टनं पक्क्या केलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर काकापुतणी शेजारी बसली होती. त्याच्या एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्यावर वाळलेला साबण. तरुण डॉक्टर आला, दमलेला, पण बोलायला मऊ. जखम हाडापर्यंत गेलीय, रक्तात विष भिनायला लागलंय, म्हणाला. साफ करतोय, औषधं सुरू केलीत, वय बघता काही सांगता येत नाही. मग दोघांचे चेहरे बघून त्यानं जोडलं, "मनाला लावून घेऊ नका. असे पेशंट घरी सांभाळणं फार कठीण असतं. कितीही काळजी घेतली तरी हे होतं."

डॉक्टर गेला. पुतणीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ऐकलंत ना? तुमची काही चूक नाही." सुटकेचं दार उघडं होतं, नुसती मान हलवली असती तरी तो त्यातून कायमचा बाहेर पडला असता. तिनं पुढं कुणाला काही सांगितलं नसतं, कारण तिला काही माहीतच नसतं. चार माणसांत त्याचं कौतुक झालं असतं. तिच्या हाताचा ऊबदार भार गुडघ्यावर होता, आणि तो लवकरच उचलला जाणार हे त्याला कळत होतं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"पाठीचं. वास यायला लागला तेव्हापासून. मी वळवत नव्हतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. जणू त्यानं अनोळखी भाषेत काही म्हटलं होतं आणि ती अर्थ लागायची वाट बघत होती. मग ती हळूच म्हणाली, "काका, तुम्ही दमलाय. काहीतरीच बोलताय. दमला होता म्हणून वळवलं नसेल. माश्या होऊ नयेत म्हणून तुम्ही ते यंत्रसुद्धा आणलंत..."

"ते यंत्र मारतं नंतर," तो म्हणाला. "आधी बोलावतं." आणि तो सांगू लागला. आवाज दुकानातलाच निघाला, समजावून सांगणारा, गिऱ्हाइकाला न दुखावणारा. त्याची त्यालाच शिसारी आली, पण दुसरा आवाज त्याच्याजवळ नव्हता. दिसतो तो उजेड आणि न दिसणारा उजेड. जाळी. तुकडे खाली पडतात. ज्याला जपायचं त्याच्यापासून लांब लावायचं, हे मी रोज लोकांना सांगतो. दाराशी प्लग होता. वायर पुरत होती. मी उशाशी लावलं. सांगता सांगता तिचा हात गुडघ्यावरून गेला. कधी गेला ते त्याला समजलं नाही.

"का?" तिनं विचारलं.

शिलाईच्या दुकानातली मुलगी त्याच्या ओठावर आली. गटार आलं, करपलेली पोळी आली. ते सगळं खरं होतं, आणि ह्या पोरीसमोर, जिला दादानं खांद्यावर बसवून वाढवलं होतं, त्यातलं काहीही ठेवलं तरी ते हिशेबासारखं वाटणार होतं. "माहीत नाही," तो म्हणाला. "बरं वाटत होतं."

ती उठली. कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीपर्यंत गेली आणि पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलत नव्हते. तो बसून राहिला. आता ती वळून घरी जा म्हणेल, तोंड दाखवू नका म्हणेल, आणि तो जाईल. त्याचे पाय तयार होते. उलट तसं कुणी म्हणावं, मोठ्यानं, चारचौघांत, कानाखाली वाजवून म्हणावं, अशी त्याला तहान लागली होती. ती वळली, पण वॉर्डाच्या दाराकडे बघत राहिली. त्याच्याकडे पाहिलंही नाही.

तेवढ्यात वॉर्डाचं दार उघडून नर्सनं डोकं बाहेर काढलं. "पेशंटचे नातेवाईक कोण? ड्रेसिंग करायचंय, कुशीवर धरायला माणूस हवा. वॉर्डबॉय दुसरीकडे अडकलाय." पुतणी पुढं झाली. नर्सनं तिच्या बारीक मनगटांकडे पाहिलं. "तुम्हाला नाही झेपायचं. ते कोण?"

पुतणीनं मागं वळून पाहिलं नाही. "भाऊ आहे त्यांचा," ती म्हणाली.

तो आत गेला. पडदा ओढलेला होता, पांढरा दिवा सरळ पलंगावर. नर्सनं दाखवलं तसा तो पलंगाच्या डाव्या बाजूला उभा राहिला, वाकला, एक हात दादाच्या खांद्याखाली आणि एक कमरेखाली घातला आणि आपल्याकडे ओढलं. अंग तापानं भाजत होतं. दादा वळला आणि त्याचा सगळा भार ह्याच्या छातीवर आला, डोकं गळ्याशी, अर्धा ओठ शर्टाच्या कॉलरला. इतक्या जवळ दादाचा चेहरा त्यानं कधी पाहिला नव्हता. डोळ्यांतल्या लाल शिरासुद्धा दिसत होत्या. ते डोळे त्याच्याकडेच बघत होते. त्यांत काय होतं ते त्याला वाचता येईना, आणि मान फिरवायला जागा नव्हती. पाठीमागं नर्स कामाला लागली. पहिल्या चिमट्याबरोबर दादाचं अंग ताठ झालं, डावा हात कसाबसा वर आला आणि ह्याचा शर्ट मुठीत धरून राहिला. घशातला आवाज आता कानात नव्हता, सरळ छातीच्या हाडांत शिरत होता. त्याची पकड सैल पडू लागली.

"धरून ठेवा," नर्स मान वर न करता म्हणाली. "अजून पुष्कळ आहे."